पालघर जिल्ह्यातील सामुदायिक रस्ता सुरक्षा प्रकल्पांचे अर्थसाहाय्य

पालघर जिल्ह्यातील सामुदायिक रस्ता सुरक्षा प्रकल्पांचे अर्थसाहाय्य या संज्ञेत महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यात, विशेषतः पालघर शहर आणि बोईसर-तारापूर औद्योगिक पट्ट्यात, रस्ते अपघात व त्यांतील मृत्यू कमी करण्यासाठी स्थानिक संस्था, शाळा, ग्रामपंचायती व स्वयंसेवक गट यांना मिळू शकणाऱ्या अनुदानाचा व निधीचा समावेश होतो. केंद्र व राज्य शासनाच्या योजना, कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी, लोकप्रतिनिधींचा स्थानिक विकास निधी, ग्रामपंचायतींना मिळणारी अनुदाने आणि आंतरराष्ट्रीय संस्थांची मदत हे या निधीचे प्रमुख स्रोत आहेत.

रस्त्याची मालकी आणि त्यात बदल करण्याचा अधिकार नेहमी एखाद्या शासकीय यंत्रणेकडे असतो. त्यामुळे सामुदायिक प्रकल्पाला पैसा मिळाला तरी गतिरोधक, दुभाजक किंवा सूचनाफलक यांसारखी कामे संबंधित यंत्रणेच्या संमतीशिवाय करता येत नाहीत. निधीचा स्रोत कोणता, यापेक्षा तो निधी रस्त्याच्या मालक यंत्रणेशी आणि अपघातांच्या स्थानिक माहितीशी जोडला गेला आहे का, यावर अशा प्रकल्पाचे यश बहुतांशी अवलंबून असते.

## पार्श्वभूमी

### भौगोलिक स्थिती

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. तो महाराष्ट्राचा ३६वा जिल्हा होय. जिल्ह्यात पालघर, वसई, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार व मोखाडा हे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार या क्षेत्राची लोकसंख्या २९,९०,११६ होती. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो.

मुंबई-अहमदाबाद महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ४८, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ८) वसई, पालघर, डहाणू व तलासरी या तालुक्यांतून दक्षिणोत्तर जातो. चिंचोटी, मनोर, चिल्हार फाटा, चारोटी आणि तलासरी ही त्यावरील महत्त्वाची ठिकाणे आहेत. पालघर, मनोर, विक्रमगड, जव्हार व मोखाडा यांना जोडणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग १६०अ म्हणून ओळखला जातो. त्याच्या पालघर-मनोर भागात वाघोबा खिंडीचा वळणांचा टप्पा येतो.

तारापूर औद्योगिक क्षेत्र बोईसर रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस वसलेले असून त्यात रसायन, औषधनिर्मिती, पोलाद व वस्त्रोद्योगातील कारखाने आहेत. जवळच तारापूर अणुऊर्जा केंद्र असून तेथे ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. औद्योगिक क्षेत्राला महामार्गाशी जोडणारा बोईसर-चिल्हार रस्ता अवजड वाहतुकीचा मुख्य मार्ग आहे. कच्च्या मालाचे ट्रक, रसायनांचे टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या, रिक्षा, दुचाकी, सायकली आणि पायी जाणारे कामगार एकाच रस्त्याचा वापर करतात. पाळी बदलण्याच्या वेळी ही गर्दी सर्वाधिक असते. बोईसर व लगतची सरावली, खैरेपाडा, पास्थळ, कोलवडे, कुंभवली, सालवड ही वस्ती दीर्घकाळ ग्रामपंचायतींच्या कारभाराखाली वाढली. त्यामुळे शहरी स्वरूपाच्या वाहतुकीचा भार ग्रामीण प्रशासनावर पडत आला आहे.

वाढवण बंदर, मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग आणि बोईसर येथे थांबा असलेली मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वे या प्रकल्पांमुळे परिसरात बांधकाम साहित्याची वाहतूक वाढली आहे. यांपैकी वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. बंदर सुरू झाल्यावर मालवाहतुकीत आणखी वाढ अपेक्षित आहे.

### अपघातांचे स्वरूप

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रातील मृतांची संख्या १५,२२४ होती. देशातील मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील व्यक्ती, तर १९.५ टक्के पादचारी होते. म्हणजेच मृतांमध्ये सुमारे दोन तृतीयांश वाटा ज्यांच्याभोवती वाहनाचे कवच नसते अशा रस्ता वापरकर्त्यांचा होता.

४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा चारोटीजवळ सूर्या नदीवरील पुलावर झालेल्या मोटार अपघातात मृत्यू झाला. मोटारीतील आणखी एक प्रवासीही या अपघातात दगावला. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या पोलिसांच्या आकडेवारीनुसार, घोडबंदर ते दापचरी या सुमारे १०० किलोमीटरच्या टप्प्यात त्या वर्षी तोपर्यंत २६२ अपघात झाले होते. त्यांत किमान ६२ जणांचा मृत्यू झाला होता आणि १९२ जण जखमी झाले होते. इंटरनॅशनल रोड फेडरेशनच्या भारतीय शाखेने जिल्ह्यातील ७० किलोमीटर महामार्गाची सुरक्षा तपासणी करून रस्ता अभियांत्रिकीतील २९ त्रुटी मंत्रालयाच्या निदर्शनास आणल्या.

या घटनेने दोन बाबी ठळक झाल्या. मागील आसनावरील सीटबेल्टचा प्रश्न देशभर चर्चेत आला. तसेच अपघातातील दोन जखमींना उपचारासाठी शेजारच्या गुजरात राज्यातील वापी येथे न्यावे लागल्याने जिल्ह्याच्या उत्तर भागातील आपत्कालीन वैद्यकीय सेवेची मर्यादाही समोर आली.

## कायदेशीर व प्रशासकीय चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २१५ मध्ये राष्ट्रीय व राज्य रस्ता सुरक्षा परिषद आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समिती यांची तरतूद आहे. एस. राजासीकरन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ रोजी सर्व राज्यांना निर्देश दिले. राज्य रस्ता सुरक्षा धोरण, समन्वयासाठी अग्रणी यंत्रणा, वाहतूक दंडाच्या रकमेतून उभारलेला रस्ता सुरक्षा निधी, रस्त्यांची सुरक्षा तपासणी आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समिती यांचा त्यात समावेश होता. महाराष्ट्रात परिवहन आयुक्त कार्यालय अग्रणी यंत्रणा म्हणून काम पाहते.

जिल्हा समितीत पोलीस, परिवहन, सार्वजनिक बांधकाम, राष्ट्रीय महामार्ग व आरोग्य या विभागांचे अधिकारी असतात. पालघर जिल्ह्यात पोलीस यंत्रणा दुहेरी आहे. वसई परिसर १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत आहे, तर पालघर व बोईसरसह उर्वरित जिल्हा पालघर पोलीस अधीक्षकांकडे आहे. महामार्ग पोलीस ही राज्याची स्वतंत्र शाखा आहे.

### रस्त्यांची मालकी

परिसरातील रस्ते वेगवेगळ्या यंत्रणांच्या ताब्यात आहेत :

- मुंबई-अहमदाबाद महामार्ग : भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण
- राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग : सार्वजनिक बांधकाम विभाग
- औद्योगिक क्षेत्रातील अंतर्गत रस्ते : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ
- इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते : जिल्हा परिषद
- पालघर शहरातील अंतर्गत रस्ते : पालघर नगरपरिषद
- गावठाण व पाड्यांतील अंतर्गत रस्ते : ग्रामपंचायती

एखादा कामगार घरापासून कारखान्यापर्यंत जाताना यांपैकी तीन किंवा चार यंत्रणांचे रस्ते ओलांडू शकतो. प्रत्येक यंत्रणेची परवानगी, अंदाजपत्रक व देखभालीची पद्धत वेगळी असल्याने निधी मागण्यापूर्वी रस्त्याची मालकी निश्चित करणे ही पहिली पायरी ठरते.

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने समाविष्ट केलेल्या कलम १९८अ नुसार रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल यांतील विहित मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र ठरतात. त्यामुळे सामुदायिक गटाने सुचवलेले बांधकामही भारतीय रस्ते परिषदेच्या मानकांनुसारच व्हावे लागते.

## निधीचे स्रोत

### केंद्र शासन

रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय रस्ता सुरक्षेच्या प्रचार-प्रसारासाठी संस्थांना आर्थिक साहाय्य देणारी आणि उल्लेखनीय कामाला पुरस्कार देणारी योजना राबवते. अशा केंद्रीय अनुदानाला सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू होतात. त्यानुसार संस्थेला विहित नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते आणि हिशेब तपासणीसाठी खुले ठेवावे लागतात. अर्जदार संस्थेची नोंद नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावर असणे आवश्यक मानले जाते.

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या व्यक्तीसाठी केंद्राने १५ ऑक्टोबर २०२१ पासून ५,००० रुपयांचे पारितोषिक सुरू केले. २०२५ मध्ये या योजनेला 'राहवीर' हे नाव देऊन रक्कम २५,००० रुपये करण्यात आली. गंभीर जखमीला अपघातानंतरच्या पहिल्या तासात, म्हणजे 'सुवर्ण तासात', रुग्णालयात पोहोचवणारी व्यक्ती यासाठी पात्र ठरते. अधिनियमाच्या कलम १३४अ नुसार अशा मदतनिसाला दिवाणी वा फौजदारी कारवाईपासून संरक्षण आहे. ५ मे २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळू शकतात. ही दोन्ही साहाय्ये व्यक्तीसाठी आहेत, संस्थेसाठी नव्हेत. मात्र त्यांची माहिती गावोगावी पोहोचवणे हा अनेक सामुदायिक प्रकल्पांचा भाग असतो.

### राज्य शासन व जिल्हा नियोजन

राज्याच्या रस्ता सुरक्षा निधीतून अपघातप्रवण स्थळांची सुधारणा, अंमलबजावणीची साधने आणि जनजागृती यांसाठी संबंधित विभागांना रक्कम दिली जाते. सामुदायिक गट या निधीचे थेट लाभार्थी नसले तरी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीमार्फत कामे सुचवू शकतात.

जिल्हा वार्षिक योजना जिल्हा नियोजन समिती मंजूर करते. पालकमंत्री हे या समितीचे अध्यक्ष असतात. रस्ते, पथदिवे, रुग्णवाहिका व शाळा परिसरातील सुधारणा या योजनेतून होऊ शकतात. जिल्ह्यात आदिवासी लोकसंख्या मोठी असल्याने आदिवासी उपयोजना हाही स्वतंत्र स्रोत आहे.

### स्थानिक विकास निधी

खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेत प्रत्येक खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. पालघर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव लोकसभा मतदारसंघ असून त्यात डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा व वसई हे विधानसभा मतदारसंघ येतात. आमदारांनाही स्थानिक विकास निधी मिळतो. या निधीतून प्रामुख्याने टिकाऊ स्वरूपाची सार्वजनिक मालमत्ता निर्माण करता येते. मानधन, इंधन किंवा प्रशिक्षणाचा आवर्ती खर्च त्यातून भागवता येत नाही.

### ग्रामपंचायती

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी शिफारस केलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित होती. उर्वरित ४० टक्के रक्कम वेतन वगळता स्थानिक गरजांसाठी वापरण्याची मुभा होती. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना राज्याच्या आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधीचा वाटाही मिळतो. ग्रामसभेने विकास आराखड्यात समाविष्ट केल्यास पथदिवे, पदपथ किंवा शाळेसमोरील सुधारणा यांवर असा निधी खर्च होऊ शकतो.

### कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये निव्वळ मालमत्ता, १,००० कोटी रुपये उलाढाल किंवा पाच कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे अपेक्षित आहे. कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे हे कलम सांगते. औद्योगिक पट्ट्यामुळे बोईसर-तारापूरसाठी हा स्रोत महत्त्वाचा ठरतो.

रस्ता सुरक्षेचा थेट उल्लेख अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने १८ जून २०१४ च्या परिपत्रकाद्वारे त्याचे स्पष्टीकरण केले. त्यानुसार रस्ता सुरक्षेची जनजागृती 'शिक्षणाला प्रोत्साहन' या बाबीत, चालकांचे प्रशिक्षण 'व्यावसायिक कौशल्ये' या बाबीत आणि अपघातग्रस्तांवरील उपचार 'आरोग्यसेवा' या बाबीत बसतात. वाहतूक अंमलबजावणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण मात्र शासनाचे नियमित काम मानले गेले असून ते या निधीत बसत नाही.

या निधीच्या नियमांतील काही मर्यादा औद्योगिक पट्ट्यात विशेष लागू पडतात. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांना लाभ देणारा उपक्रम सामाजिक उत्तरदायित्वाचा खर्च ठरत नाही. अन्य कायद्याने बंधनकारक असलेल्या कामाचा खर्चही त्यात धरला जात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार घातक मालाची वाहतूक करणाऱ्या चालकाला विशेष प्रशिक्षण आवश्यक असते आणि वाहनावर आपत्कालीन माहितीचा फलक लावावा लागतो. त्यामुळे रसायन टँकरच्या चालकाचे असे बंधनकारक प्रशिक्षण सामाजिक निधीतून दाखवता येत नाही. याउलट टँकर ज्या गावांतून जातो तेथील विद्यार्थी, रिक्षाचालक किंवा स्वयंसेवक यांचे प्रशिक्षण त्यात बसू शकते.

निधी स्वीकारणाऱ्या संस्थेने १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे 'सीएसआर-१' अर्जाद्वारे नोंदणी करणे आवश्यक आहे. बहुवर्षीय प्रकल्पाचा कालावधी, सुरुवातीचे आर्थिक वर्ष वगळून, तीन वर्षांपेक्षा अधिक असू शकत नाही.

### आंतरराष्ट्रीय मदत

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक रस्ता सुरक्षा कृतीचे दुसरे दशक म्हणून जाहीर केले असून या काळात मृत्यू व गंभीर इजा निम्म्याने घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. संयुक्त राष्ट्रांचा रस्ता सुरक्षा निधी, जागतिक बँकेची जागतिक रस्ता सुरक्षा सुविधा आणि ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज यांसारख्या संस्था या क्षेत्रात मदत करतात. ब्लूमबर्गच्या उपक्रमात मुंबई शहराचा समावेश आहे. ही मदत सामान्यतः राष्ट्रीय यंत्रणा किंवा मोठ्या शहरांच्या पातळीवर येते. विदेशी देणगी थेट स्वीकारण्यासाठी विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली नोंदणी अथवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने मिळवलेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत गावपातळीवरील लहान गटांना असा निधी पोहोचवण्याचा पूर्वीचा मार्ग बंद झाला.

## प्रकल्पांचे प्रकार

### प्रथमोपचार व बचाव

महाराष्ट्र महामार्ग पोलिसांनी १ मार्च २०२१ पासून 'मृत्युंजय दूत' योजना सुरू केली. महामार्गालगतच्या गावांतील रहिवासी, ढाबेचालक, पेट्रोल पंपावरील कर्मचारी अशा स्वयंसेवकांचे गट तयार करून त्यांना जखमीला सुरक्षितपणे हलवण्याचे व प्रथमोपचाराचे प्रशिक्षण देणे हा तिचा गाभा आहे. राज्यातील १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतचा वेळ स्वयंसेवकांनी भरून काढावा, अशी या दोन योजनांची सांगड आहे. या प्रकारात स्ट्रेचर, प्रथमोपचार पेट्या व दरवर्षीचे उजळणी प्रशिक्षण यांचा खर्च येतो. तो तुलनेने कमी असला तरी आवर्ती असतो.

### शाळा व परिसर

रोड सेफ्टी पेट्रोल (आर.एस.पी.) हा उपक्रम महाराष्ट्रातील शाळांत परिचित आहे. त्याला जोडून शाळेभोवती वेगमर्यादा, पादचारी पट्टे, कुंपण व बसथांब्याची जागा यांत सुधारणा केल्या जातात. बांधकाम रस्त्याच्या मालक यंत्रणेने करावयाचे आणि वाहतुकीची मोजणी, वेळांचे नियोजन व विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण शाळेने सांभाळावयाचे, अशी विभागणी व्यवहार्य ठरते.

### हेल्मेट व सीटबेल्ट

हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या डोक्याला होणाऱ्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून निघाला आहे. हेल्मेट वाटप हा त्यामुळे लोकप्रिय उपक्रम आहे. वाटलेल्या हेल्मेटवर भारतीय मानक संस्थेचे चिन्ह असणे आणि वाटपानंतर त्यांचा प्रत्यक्ष वापर मोजणे आवश्यक असते.

### वेगनियंत्रण

सरासरी वेगात एक टक्का वाढ झाल्यास प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गतिरोधकाची मागणी त्यामुळे गावोगावी होते. भारतीय रस्ते परिषदेच्या ९९ क्रमांकाच्या मार्गदर्शक संहितेतील गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असतो आणि तो ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगासाठी असतो. अपघातानंतर ग्रामस्थांनी घाईने घातलेले अरुंद व उंच गतिरोधक या मापात बसत नाहीत. सूचनाफलक, रंगवलेले पट्टे व प्रकाशव्यवस्था नसल्यास रात्रीच्या वेळी ते दुचाकीस्वारांसाठी नवा धोका ठरतात.

## अर्ज व मंजुरीची प्रक्रिया

सामुदायिक गटाला अनुदान मिळण्यासाठी त्याला कायदेशीर अस्तित्व असावे लागते. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम, १८६० किंवा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी केली जाते. कंपन्यांकडून निधी घेण्यासाठी आयकर अधिनियमाखालील नोंदणीही लागते. नोंदणी नसलेले गट ग्रामपंचायत, शाळा किंवा नोंदणीकृत संस्थेच्या माध्यमातून प्रस्ताव मांडू शकतात.

परिपूर्ण प्रस्तावात साधारणतः पुढील बाबी असतात :

1. रस्त्याचा नेमका भाग आणि त्याची मालक यंत्रणा.
2. मागील तीन वर्षांतील अपघातांची पोलीस नोंद. केंद्रीय मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर भागात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले पाच अपघात अथवा दहा मृत्यू झाले असल्यास तो भाग अपघातप्रवण स्थळ ठरतो.
3. बळी पडणाऱ्यांचे स्वरूप, म्हणजे पादचारी, दुचाकीस्वार, कामगार किंवा विद्यार्थी, आणि अपघातांची वेळ.
4. प्रस्तावित उपाय व त्याला लागू असलेले मानक.
5. मालक यंत्रणेचे ना-हरकत पत्र आणि देखभालीची जबाबदारी.
6. खर्चाचे अंदाजपत्रक, त्यात एकदाच होणारा व आवर्ती खर्च वेगळा.
7. परिणाम मोजण्याची पद्धत.

अपघातांची माहिती संकलित करण्यासाठी केंद्राने एकात्मिक रस्ते अपघात माहितीसंच विकसित केला असून त्याच्या प्रायोगिक टप्प्यातील सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. या प्रणालीत पोलीस घटनास्थळावरूनच अपघाताचे स्थान नोंदवतात. प्रणाली विभागांसाठी असल्याने नागरिकांना आकडेवारी पोलीस ठाणे, जिल्हा समिती किंवा माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यांद्वारे मिळवावी लागते.

## राज्यातील एक उदाहरण

यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सेव्ह लाइफ फाउंडेशन, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा अँड महिंद्रा कंपनी यांनी २०१६ मध्ये 'शून्य मृत्यू मार्गिका' प्रकल्प सुरू केला. त्यात कंपनीचा निधी, संस्थेचा अभ्यास आणि रस्त्याच्या मालक यंत्रणेची अंमलबजावणी एकत्र आली. अभियांत्रिकी, अंमलबजावणी, आपत्कालीन सेवा व लोकसहभाग अशा चार अंगांनी काम झाले. या मार्गावरील मृतांची संख्या २०१६ मधील १५१ वरून २०२० मध्ये ६६ वर आली. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे वाहतूक घटली होती, ही बाब या तुलनेत लक्षात घ्यावी लागते. त्यापूर्वीच्या २०१९ या वर्षातील संख्या ९२ होती.

मुंबई-पुणे मार्ग प्रवेशनियंत्रित असून त्याची मालकी एका महामंडळाकडे आहे. पालघरमधील महामार्गावर मात्र गावांचे फाटे, सेवा रस्ते, ढाबे व पादचारी यांचा सतत संपर्क येतो आणि बोईसर परिसरात यंत्रणाही अनेक आहेत. त्यामुळे तो नमुना येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. अपघातांचा अभ्यास, निधी आणि मालक यंत्रणेची बांधिलकी एकाच करारात आणण्याचे तत्त्व मात्र दोन्हीकडे समान आहे.

## मूल्यमापन

लहान प्रकल्पांचे यश मोजणे कठीण असते. एखाद्या फाट्यावर वर्षात दोन किंवा तीन मृत्यू होत असल्यास पुढील वर्षी ही संख्या केवळ योगायोगानेही कमी होऊ शकते. विशेषतः एखाद्या वाईट वर्षानंतर निवडलेले ठिकाण काहीही न करता सरासरीकडे परत येण्याचा संभव असतो. हा परिणाम टाळण्यासाठी आधीच्या व नंतरच्या किमान तीन वर्षांची आणि उपाय न केलेल्या सारख्याच ठिकाणाची तुलना केली जाते.

एक वर्षाच्या अनुदानात अशी तुलना शक्य नसल्याने मध्यवर्ती निर्देशक वापरले जातात. वाहनांचा सरासरी वेग, हेल्मेट व सीटबेल्ट वापरण्याचे प्रमाण, रस्ता ओलांडण्यासाठी लागणारा वेळ, प्रशिक्षित स्वयंसेवक घटनास्थळी पोहोचण्याचा वेळ आणि रुग्णालयात दाखल होण्याचा वेळ हे त्यांतील प्रमुख होत. हे निर्देशक प्रकल्प सुरू होण्यापूर्वी मोजले नसल्यास नंतरच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. कार्यक्रमांची, पत्रकांची किंवा उपस्थितांची संख्या खर्च झाल्याचे दाखवते. त्यावरून धोका कमी झाला की नाही हे कळत नाही.

## मर्यादा व टीका

जनजागृतीकडे झुकाव. जनजागृतीसाठी परवानगी कमी लागते, ती आर्थिक वर्षात संपवता येते आणि नियमांत सहज बसते. त्यामुळे निधी तिकडे वळतो. केवळ माहिती दिल्याने वर्तन टिकाऊपणे बदलते याला जगभरातील अभ्यासांत पुरेसा आधार मिळत नाही. अंमलबजावणी व रस्त्याच्या रचनेतील बदल यांच्या जोडीने मात्र जनजागृती परिणामकारक ठरते.

देखभालीचा अभाव. बहुतेक अनुदान वस्तू किंवा बांधकामासाठी असते. पट्ट्यांचा रंग पावसाळ्यात व अवजड वाहतुकीखाली लवकर झिजतो, दिवे बंद पडतात आणि प्रशिक्षित स्वयंसेवक नोकरीनिमित्त अन्यत्र जातात. कोकण किनारपट्टीवरील मुसळधार पाऊस लक्षात घेता देखभालीची तरतूद नसलेला उपाय अल्पायुषी ठरतो.

असमान वाटप. कंपन्यांचा निधी कारखान्यांच्या परिसराला प्राधान्य देतो. त्यामुळे बोईसर-तारापूरच्या तुलनेत जव्हार, मोखाडा व विक्रमगड येथील घाटरस्त्यांना या स्रोताचा लाभ मिळण्याची शक्यता कमी असते. तेथे जिल्हा नियोजन व आदिवासी उपयोजना यांवरच मुख्यतः अवलंबून राहावे लागते.

जबाबदारीचे स्थलांतर. सुरक्षित रस्ता देणे हे मालक यंत्रणेचे कायदेशीर कर्तव्य आहे. देणगीतून केलेली कामे त्या कर्तव्याची जागा घेऊ लागल्यास जेथे देणगीदार नाही तो रस्ता असुरक्षितच राहतो, असा आक्षेप घेतला जातो. याला उत्तर म्हणून सामुदायिक निधी माहिती संकलन, स्वतंत्र सुरक्षा तपासणी, प्रथमोपचार आणि पाठपुरावा यांवर केंद्रित करावा आणि बांधकामाचा खर्च यंत्रणेच्या अंदाजपत्रकातच मागावा, असा दृष्टिकोन मांडला जातो.

## हे सुद्धा पहा

- पालघर जिल्हा
- बोईसर
- तारापूर अणुऊर्जा केंद्र
- राष्ट्रीय महामार्ग ४८
- मोटार वाहन अधिनियम, १९८८
- जिल्हा नियोजन समिती